नांवावरचें टिंब

मुद्रितशोधनाच्या कामामुळे अनुस्वार दिवसभर डोळ्यांपुढे असतात, त्यामुळे आजोबांची जुनी रोजनिशी उघडली की मजकुराआधी मला टिंबेच दिसतात. पहिल्या पानावर ‘नांव’, त्याखाली ‘गांव’ आणि पुढे जागोजागी दोन-दोन टिंबांचे ‘कांहीं’. आमच्या नागपुरातल्या छापखान्यात हाच मजकूर आला असता, तर मी ती सगळी टिंबे लाल शाईने काढली असती. घरच्यांसाठी ही रोजनिशी टंकलिखित करायला घेतली, तेव्हा मात्र ‘नांव’पाशीच हात थांबला.

संस्कृत ‘नाम’ प्राकृतातून मराठीत येता येता मधल्या ‘म’चा नाकातून उच्चारला जाणारा ‘व’ झाला. पुढे प्रमाण बोलीतून तो नाकातला सूरही गेला आणि लेखनात टिंब तेवढे मागे राहिले. ‘ग्राम’चे ‘गांव’ झाले तेही याच वाटेने. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार वगळले, आणि शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ते योग्यच झाले असे मी मानतो. तरी एक भेद त्यात पुसला गेला. टिंब असलेले ते माणसाचे नांव आणि टिंब नसलेली ती पाण्यावरची नाव, हे पूर्वी नुसते पाहून कळत असे. आता ते मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखावे लागते.

लॅटिनमध्ये हे दोन शब्द स्पष्ट वेगळे आहेत: नाव म्हणजे ‘नोमेन’ आणि जहाज म्हणजे ‘नाविस’. दोन्ही आपल्या ‘नाम’ आणि ‘नौ’ यांचे सख्खे भाऊबंद आहेत. ‘नोमेन’चे फ्रेंचमध्ये जे झाले ते पाहून मला फार आनंद झाला. फ्रेंच माणूस लिहिताना शेवटी ‘म’ लिहितो, पण वाचताना ‘नों’ म्हणतो, म्हणजे ‘म’ ओठांवर न येता केवळ नाकात घुमतो. आपल्या ‘नांव’चीच ही गोष्ट, फक्त त्यांनी अख्खे अक्षर जपले आणि आपण टिंब जपले होते. इंग्रजीत ‘नेम’ हा शब्द घरचाच होता. व्याकरणातला ‘नाउन’ मात्र फ्रेंच बोलणाऱ्यांकडून आला, तोही त्याच ‘नोमेन’पासून.

थाई भाषेचे कूळ या सर्वांपासून निराळे आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर थायलंडहूनही भिक्खू आणि उपासक येतात. त्यांतल्या एका उपासिकेने एकदा माझ्या वहीत आडनावाला त्यांचा शब्द लिहून दिला. तिने अक्षरे एकेक करून समजावली तेव्हा तो ‘नामसकुल’ निघाला, आणि वाचला मात्र तिने ‘नामसकुन’, कारण थाईत शब्दाच्या शेवटी आलेल्या ‘ल’चा उच्चार ‘न’ होतो. मग तिने चंद्र लिहिला. च, न, द, र या अक्षरांच्या जागची चारही थाई अक्षरे तिने काढली, शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीकशी खूण केली आणि नुसते ‘चन’ असे वाचले. ती खूण अक्षराला मुके करते. तिचे नाव ‘थन्थखात’, म्हणजे आपलेच ‘दंड’ आणि ‘घात’. १९४२ मध्ये पिबून सोंग्क्राम यांच्या सरकारने थाई लेखन सोपे करण्यासाठी समान उच्चाराची जादा अक्षरे काढली, त्यांत ‘श’ आणि ‘ष’ यांच्या जागची अक्षरेही होती. १९४४ मध्ये ती परत आली. आजही थाई माणूस श, ष आणि स तीन वेगळ्या अक्षरांनी लिहितो आणि तिन्ही ‘स’च वाचतो.

अशा मुक्या अक्षरांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे मला इंग्रजीने शिकवले. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ शब्दात जो ‘बी’ लिहितात, तो लॅटिन ‘देबितुम’च्या आठवणीने पंडितांनी नंतर घातला; निदान त्याचे मूळ तरी खरे आहे. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मधला ‘एस’ मात्र चुकीने आला आहे. तो शब्द अस्सल इंग्रजी, पण फ्रेंचमधून आलेल्या ‘आइल’शी त्याचे नाते आहे असे समजून लॅटिन ‘इन्सुला’चा ‘स’ त्याला चिकटवला गेला, आणि तो आजतागायत तसाच आहे.

आजोबांच्या रोजनिशीतही असे एक टिंब सापडले. पणजीच्या अस्थी घेऊन ते रामटेकच्या अंबाळा तलावावर गेले होते, आणि त्या दिवशीच्या नोंदीत ‘अंबाळ्यावर नांवेंत बसलों’ असे एकच वाक्य आहे. शेवटची दोन टिंबे त्या काळच्या नियमाला धरून आहेत. ‘नां’वरचे तेवढे चुकले आहे, कारण होडीच्या नावेत ‘म’ कधी नव्हताच. बाकीच्या टिंबांबरोबर मी तेही तसेच ठेवले आहे.