दहाच फोटो आणा

फोटो काढण्यापेक्षा तो दाखवणं अवघड, हे डिजिटल फोटोग्राफीचा क्लास लावल्याशिवाय कळत नाही. एरवी आपण फोटो दाखवतो म्हणजे काय करतो? मोबाइल समोरच्याच्या नाकाशी धरतो आणि "हा बघ... थांब, हा नाही, पुढचा... अगं, हा गॅसच्या पावतीचा... हां, हा!" असं म्हणत अंगठ्याने फोटो सरकवत राहतो. समोरचा "छान, छान" म्हणतो आणि लगेच स्वतःचा मोबाइल काढतो. फिटंफाट होते. क्लासमध्ये ही सोय नाही. तिथे दिवे मालवतात, पडदा सोडतात आणि एकेकाचं नाव पुकारतात.

या वयात कसला क्लास, असं घरी विचारून झालेलं असतं. पण हे खूळ काही आजचं नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतल्या सुरुवातीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक झाले. त्या काळी काचेवर रसायन फासायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या खोलीत धुवायचा. एवढी यातायात असल्यावर माणूस फोटो काढण्याआधी दहादा विचार करणारच. आपण नंतर विचार करतो, किंवा करतच नाही.

आमच्या सरांचे नियम दोनच. दर आठवड्याला दहाच फोटो आणायचे, आणि आपले फोटो पडद्यावर असेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते बाकीच्यांनी.

पहिला नियम ऐकून सगळे निर्धास्त होतात. दहा म्हणजे किती, सहज होतील! मग सकाळी सातला मंडईत जायचं ठरतं. पुण्यातल्या कुठल्याही फोटोग्राफी क्लासची पहिली सहल मंडईतच जाते. १८८६ सालची दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, वरून तिरपा उतरणारा उजेड आणि खाली ओळीने मांडलेली भाजी. अजून काय हवं? प्रत्येक जण आधी मनोऱ्याचा फोटो काढतो, तो कधीच कामाला येत नाही, आणि मग गाळ्यांकडे वळतो.

खरं शिक्षण तिथे मुळ्या-वांग्यांपाशी होतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय ठेवलंय ते कळत नाही. जग सरासरीने मध्यम करडं असतं, पडलेल्या उजेडातला सुमारे १८ टक्के परत फेकणारं, एवढंच त्याला ठाऊक. पांढऱ्याशुभ्र मुळ्यांच्या ढिगावर कॅमेरा रोखला, की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो मुळे मळकट करून देतो. काळ्या वांग्यांवर रोखला, की त्याला वाटतं अंधार फार आहे, आणि चांगली टवटवीत वांगी फिकी पडतात. म्हणून मुळ्यांना एक स्टॉप वाढवून द्यायचा, म्हणजे उजेड दुप्पट करायचा, आणि वांग्यांचा एक काढून घ्यायचा, म्हणजे निम्मा. हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. मुळ्यांसमोर उकिडवं बसून, मागून "ओ ताई, गिऱ्हाइकाला वाट द्या" ऐकत एकदा केलं, की जन्मात विसरत नाही.

शिवाय तिथे दोन प्रकारचा उजेड असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड पिवळा. बाहेरून येणारा दिवसाचा, सुमारे ५५०० केल्विनचा, आणि गाळ्यावर टांगलेल्या पिवळ्या दिव्याचा, २७०० च्या आसपासचा. कॅमेरा एकाला पांढरा मानतो आणि दुसऱ्याची वाट लावतो. एकच मुळा एका टोकाला निळसर आणि दुसऱ्या टोकाला पिवळा. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, यावर फार चिडायचे. ताळेबंद जुळायलाच हवा, ही आयुष्यभराची सवय. शेवटी सरांनी त्यांना सांगितलं, "काका, दिवा पिवळा आहे तर पिवळा दिसू दे." काकांनी मान डोलावली, पण घरी जाऊन मुळा पांढरा केलाच.

मग रात्री जेवणाच्या टेबलावर निवड सुरू होते. छत्तीस फोटोंचा रोल लग्नाला पुरवून पुरवून वापरायची आमची पिढी; आता कार्ड भरतच नाही, त्यामुळे एकाच म्हाताऱ्या लिंबूवाल्याचे पंधरा-वीस फोटो असतात. एकात डोळे छान आलेत पण तराजू कापलाय. दुसऱ्यात तराजू आलाय पण मागून कुणाची तरी पिशवी घुसलीय. दोन्ही नवऱ्याला दाखवले की उत्तर ठरलेलं : "दोन्ही सारखेच आहेत." पाच मिनिटांनी आपल्यालाही ते सारखेच दिसायला लागतात, आणि ही खरी धोक्याची वेळ. अशा वेळी लॅपटॉप मिटून झोपावं हे उत्तम. सकाळी उठून पाहिलं, की त्यातले अर्धे आपोआप गळतात. उरलेल्यांतून दहा काढताना मात्र जीव तुटतो, कारण तोवर प्रत्येक फोटोमागची कहाणी आपल्याला पाठ झालेली असते. कुठे चिखलात पाय गेला, कोण रागावलं, कुणी चहा पाजला. पडद्यावर यातलं काहीच दिसणार नसतं.

दुसरा नियम त्यासाठीच आहे. सादरीकरणाच्या दिवशी तो लिंबूवाला ओळीने सात जणांच्या फोटोंत आला. सातव्यांदा आला तेव्हा वर्गात खसखस पिकली. गंमत म्हणजे सातही फोटो देखणे होते, पण एकमेकांशेजारी आल्यावर सगळ्यांचीच हवा गेली. सुरकुत्या, मिशा, तिरपा उजेड. म्हातारा माणूस दिसला की आपला हात का शिवशिवतो, यावर त्या दिवशी चांगली चर्चा झाली. निष्कर्ष काही निघाला नाही. पुढच्या आठवड्यात कुणी म्हातारा आणला नाही एवढंच, त्याऐवजी मांजरं आली.

गप्प बसणं किती कठीण असतं ते बसल्यावरच कळतं. लोक वाट्टेल ते बोलतात. माझ्या एका फोटोत ओट्याच्या कडेवरून खाली लोंबणारी मुळ्याची जुडी होती, मागे अंधार, पाल्यावर थोडा उजेड. इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी म्हणाली, या पाल्यात शहराचा थकवा आहे. काकांना त्यात गाव सोडून आलेल्या माणसाची अवस्था दिसली. कुणीतरी पाल्याच्या पोताबद्दल बोललं. मला सांगायचं होतं की त्या ओट्यावर तेवढीच जुडी मोकळी होती. पण नियम म्हणजे नियम. आणि खरं सांगायचं तर ऐकायला बरंच वाटत होतं. आपल्या फोटोत इतकं काही आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून कळण्यातही एक सुख आहे. त्यावर लगेच विश्वास ठेवू नये, हा भाग वेगळा.

डिजिटल कॅमेऱ्याची तर सुरुवातच अशा सादरीकरणाने झाली. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला असा कॅमेरा जुळवला. शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र, ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. कंपनीच्या बैठकीत त्याने तिथल्याच लोकांचे फोटो काढले आणि टीव्हीवर दाखवले. साहेबलोकांना प्रश्न पडला की आपले फोटो टीव्हीवर कुणाला कशाला बघावेसे वाटतील? बिचाऱ्या सॅसनला तर बोलायची मुभा होती, तरी त्याला ते पटवता आलं नाही.

आमचे सर दोन गोष्टींवर मात्र लगेच तुटून पडतात. एक, फोटोच्या कोपऱ्यात आपलं नाव वळणदार अक्षरांत टाकणं. काहींचं नाव फोटोतल्या माणसाहून मोठं असतं. दुसरी गोष्ट शीर्षकं. मराठी माणसाच्या हातात कॅमेरा दिला की त्याच्यातला कवी जागा होतो. रिकामं बाकडं म्हणजे 'प्रतीक्षा', रिकामा रस्ता म्हणजे 'वाट', सूर्य बुडत असेल तर 'सांजवेळ', आणि काहीच सुचलं नाही तर 'एकटेपण'. सरांनी फर्मान काढलं : शीर्षकाच्या जागी ठिकाण आणि वेळ लिहा. तेव्हापासून पडद्यावर 'मंडई, सकाळी ७.२०' असं येतं, आणि फोटो एकदम शहाण्यासारखे दिसायला लागतात.

प्रोजेक्टरही मदतीला असतोच. घरच्या स्क्रीनवर झगमगणारा झेंडू त्या पडद्यावर वरणासारखा दिसतो. ज्यांनी कोथिंबिरीचा हिरवा रंग स्लायडर ओढून ओढून वाढवलेला असतो, त्यांची कोथिंबीर तेवढी त्या दिवशी खरी वाटते.

शेवटी प्रदर्शन. त्यासाठी बारा बाय अठरा इंचाचे प्रिंट काढायचे ठरले. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून छापायचं तर जवळजवळ दोन कोटी पिक्सेल लागतात, त्यामुळे ज्यांनी फोटो सढळ हाताने कापले होते त्यांचे चेहरे पडले. कुणाचा फोटो कुठे लावायचा यावर जे झालं ते लिहीत नाही. दाराशेजारची भिंत सगळ्यांना हवी होती एवढं सांगते. बघायला आलेल्यांनी सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न : "कुठला कॅमेरा आहे हो?"

मुळ्याच्या जुडीचा एक छोटा प्रिंट मी ज्यांचा गाळा होता त्या मावशींना नेऊन दिला. त्यांनी तो हात लांब करून पाहिला, मग उजेडाकडे तिरका धरून पाहिला.

"ओटा माझाच आहे," त्या म्हणाल्या. "पण पाणी मारायच्या आधी काढलाय. पाला बघा कसा माना टाकून बसलाय. असा फोटो लोकांना दाखवला तुम्ही?"

मी म्हटलं, लोकांना आवडला.

"त्यांना काय कळतंय!" त्यांनी डबड्यातलं पाणी ओंजळीने जुड्यांवर मारलं, दोन जुड्या उचलून झटकल्या आणि पुढे मांडल्या. "हां, आता काढा. आणि दोन जुड्या घेऊन जा, वीसला देते."

मुळे पांढरे होते, म्हणून एक स्टॉप वाढवला.