स्टॅन्ली? ते कोण?

पुण्याहून कुणीही आमच्याकडे इंग्लंडात प्रेस्टनला आलं की दारामागचा लाल मफलर बघून विचारतंच, "अरे, मँचेस्टर हाकेच्या अंतरावर, लिव्हरपूल शेजारी, आणि तू ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या छोट्या फुटबॉल क्लबच्या मागे का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हा प्रश्न इथे जुना आहे. १९८९ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर दुधाची एक जाहिरात लागायची. लिव्हरपूलची जर्सी घातलेली दोन पोरं. एक सांगतो, लिव्हरपूलचा गोल करणारा हिरो इयन रश म्हणालाय, दूध प्यायलं नाही तर ॲक्रिंग्टन स्टॅन्लीकडून खेळण्याइतपतच होशील. दुसरा विचारतो, "ते कोण?" पहिला म्हणतो, "तेच तर!" एवढ्या दोन शब्दांनी हे नाव घरोघरी पोचलं. क्लब तेव्हा फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या पातळ्यांच्या स्पर्धेत, नव्हतासुद्धा!

लीग सुटली ती १९६२ मध्ये. कर्ज डोक्यावर, म्हणून मार्चमध्ये क्लबने राजीनामा पाठवला. लगेच मन बदललं, पत्र परत मागितलं. लीगचे सेक्रेटरी ॲलन हार्डेकर ऐकेनात. त्या हंगामात खेळलेले ३३ सामने नोंदीतून पुसले गेले. हरलेलेही पुसले गेले, तेवढंच समाधान! १९६६ मध्ये क्लब बंद पडला, १९६८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि पार खालून एकेक पायरी चढत २००६ मध्ये लीगमध्ये परतला.

आता खरी मजा ऐका. १९६२ मध्ये स्टॅन्लीची रिकामी खुर्ची मिळाली होती ऑक्सफर्ड युनायटेडला. आणि २००६ मध्ये स्टॅन्ली वर आले त्याच हंगामात लीगमधून खाली कोण गेलं? ऑक्सफर्डच! चव्वेचाळीस वर्षांनी खुर्ची परत. हे वाचलं तेव्हा मी आगगाडीत एकटाच खो खो हसलो होतो. माझं मन जडलं ते तिथेच.

पुढे २०१८ मध्ये प्रशिक्षक जॉन कोलमन यांच्या हाताखाली स्टॅन्लीने चौथ्या पातळीचं विजेतेपद मिळवलं, पाच वर्षं तिसऱ्या पातळीवर काढली, २०२३ मध्ये पुन्हा खाली आले. चालायचंच.

मैदान केवढं, तर जेमतेम पाच हजारांचं. गोलमागे उभं राहिलं की गोलकीपर बचावपटूंवर ओरडतो तो शब्द न् शब्द ऐकू येतो. एकदा धो धो पाऊस, आमच्याविरुद्ध गोल झालेला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी हातातला चहा न सांडता हाक दिली, "बाळा, पुढे ये थोडा!" गोलकीपरने मागे वळून मान हलवली आणि खरोखरच दोन पावलं पुढे आला. काकांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. मग अख्खी बाजू गर्जली, "ऑन स्टॅन्ली, ऑन!" मीही, घसा बसेपर्यंत.

तेव्हा पुढच्या खेपेला शनिवार धरून या. प्रेस्टनहून ब्लॅकबर्नमार्गे ॲक्रिंग्टनला थेट गाडी आहे, सामना तीनला असतो. मफलर माझ्याकडे दोन आहेत.