ॲलर्जी की सायनसचा संसर्ग: एका चाचणीपर्यंत पोहोचण्याचा माझा अनुभव

माझ्या नाकाचा त्रास ॲलर्जीचा आहे की सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांच्या, जंतुसंसर्गाचा, हे ओळखायला डॉक्टरांना फार वेळ लागला नाही; वेळ लावला तो एका मोठ्या रुग्णालयातील चाचणीच्या खिडकीने. त्या खिडकीवरचा राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे पुढील मजकुरात तो जागोजाग डोकावेल, हे आधीच सांगून ठेवते.

मी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पावसाळा सरत आला की जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड खाली काढून पुसायचे असतात, आणि नेमक्या त्याच सुमारास दरवर्षी माझे नाक चोंदू लागते, डोके जड होते, कपाळ आणि गालफडे ठणकतात. घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी याला केव्हाच सायनसचा त्रास ठरवून टाकले होते. दरवर्षी ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा एक कोर्स व्हायचा आणि बरे वाटायचे. त्या कोर्सबरोबर रात्री घ्यायची एक गोळी असे, तिच्यात मॉन्टेल्युकास्टच्या जोडीला लेव्होसेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जी दाबणारे अँटिहिस्टामिन होते. खरा उतार त्या गोळीने पडत होता. श्रेय मात्र वर्षानुवर्षे प्रतिजैविक घेत होते.

गेल्या वर्षी कोर्स संपल्यावरही त्रास थांबेना, म्हणून मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीने नाक तपासण्याआधी जे प्रश्न विचारले, ते तोवर मला कोणीही विचारले नव्हते. नाकात, डोळ्यांत, टाळूला खाज सुटते का? शिंका एकामागून एक येतात का? नाकातून येते ते पाण्यासारखे पातळ असते की घट्ट? ताप असतो का? त्रास विशिष्ट जागी किंवा विशिष्ट वेळी वाढतो का? माझी उत्तरे ऐकूनच त्यांचे मत बनत गेले. खाज, शिंकांची माळ आणि पाणचट वाहणे ही ॲलर्जीची बाजू; संसर्गात खाज सहसा नसते, आणि ॲलर्जीने ताप येत नाही. चेहऱ्यावरचा दाब, वाकल्यावर वाढणारी ठणक, वरच्या दाढांमधले दुखणे, वास न येणे आणि घशामागे उतरणारा घट्ट स्राव ही संसर्गाची बाजू असली, तरी चोंदणे आणि जडपणा दोन्हींत असतो. माझ्यासारख्यांची फसगत नेमकी तिथेच होते.

स्रावाच्या रंगाविषयी त्यांनी जे सांगितले, ते मी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत असते. हिरवट-पिवळा रंग दिसला की जिवाणूंचा संसर्ग झाला, असे आपण धरून चालतो. पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधील एका एन्झाइममुळे येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही दिसतो. प्रौढांच्या सर्दीपैकी फार तर दोन टक्के प्रकरणांत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. तो झाल्याचा संशय घ्यायचा तो तीन प्रसंगी: दहा दिवस उलटूनही काहीच उतार पडत नसेल, सुरुवातीपासूनच १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताप आणि पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्याचे दुखणे सलग तीन-चार दिवस टिकले असेल, किंवा सर्दी बरी होत आली असताना पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणे पुन्हा उलटले असेल. त्रास बारा आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो जुनाट सायनसचा विषय होतो आणि त्याची तपासणी वेगळी. मी सीटी स्कॅन करून घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे नाकारला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सीटी स्कॅन काढले होते, आणि त्यांतल्या ८७ टक्के जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला होता. म्हणजे सर्दीच्या दिवसांत स्कॅन काढला, तर त्यात काही ना काही निघणारच.

दुर्बिणीने पाहिल्यावर नाकातील अस्तर फिकट आणि सुजलेले आढळले, पू कुठेच नव्हता. नेमकी कशाची ॲलर्जी आहे हे कळावे, म्हणून त्वचेवरची प्रिक टेस्ट करून या, असे चिठ्ठीवर लिहून त्यांनी मला त्या रुग्णालयात पाठवले. इथवरचे सगळे एका दुपारी उरकले होते.

चाचणीची वेळ मी फोनवरून घेतली. नाव, वय, पूर्वीचा केसपेपर आहे का, पैसे रोख देणार की ऑनलाइन, एवढे विचारून झाल्यावर मी मुद्दाम विचारले, की येताना उपाशीपोटी यायचे का, आणखी काही पाळायचे का. उत्तर आले, ‘नाही मॅडम, काही नाही, फक्त वेळेत या.’ ठरलेल्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वेळेत गेले, खिडकीवर पैसे भरले, टोकन घेतले, बाकावर बसले. बऱ्याच वेळाने आतल्या परिचारिकेने संमतिपत्र हातात दिले. त्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, पाचव्या की सहाव्या ओळीत छापले होते, की चाचणीपूर्वी सात दिवस अँटिहिस्टामिन औषधे बंद असावीत. म्हणजे सूचना होती, छापलेलीही होती. पण ती रुग्णाच्या हाती पडायची ती चाचणीच्या दारात, जेव्हा तिचा कणभरही उपयोग उरत नाही. मी आदल्या रात्रीच गोळी घेतलेली होती.

परिचारिका समजूतदार होती. तिने कारण नीट सांगितले. या चाचणीत ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे थेंब हातावर ठेवून त्यांतून त्वचेला टोचतात आणि गांधी उठते का ते पाहतात. अँटिहिस्टामिन शरीरात असले, तर ती उठतच नाही आणि कशाचीच ॲलर्जी नाही असा खोटा निकाल येतो. मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. मी खिडकीकडे परत गेले. तिथल्या तरुणाने पैसे परत मिळणार नाहीत, पण पुढच्या तारखेला वळते होतील, असे सांगितले. आणि पुढची तारीख कधीची, तर पुढच्या महिन्यातली, कारण ही चाचणी आठवड्यातून एकाच दुपारी होते. फोनवर ही गोष्ट का सांगितली नाही, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, ते डॉक्टरांनी सांगायचं असतं.’ आमचे डॉक्टर नंतर म्हणाले, की वेळ देणाऱ्यांनी सांगणे अपेक्षित असते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत माझी रजा गेली.

पुढच्या तारखेआधीचा गोळीविना काढलेला आठवडा सोपा नव्हता. ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी माझ्याच टेबलामागे आहे, आणि त्या पाटीखाली बसून मी दिवसभर शिंकत होते. डॉक्टरांनी नाकातील स्टिरॉइडचा फवारा चालू ठेवायला सांगितला होता, कारण त्याने या चाचणीत अडथळा येत नाही. तो आधार होता म्हणून निभावले. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने कनवाळूपणे खोकल्याचे सरबत आणून दिले. मी आधी बाटलीवरचे लेबल वाचले, तर त्यात क्लोरफेनिरामिन होते, म्हणजे तेही अँटिहिस्टामिनच. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये ते किंवा त्याचे भाईबंद असतात, आणि हे पाकिटाच्या दर्शनी भागावर नव्हे, तर मागच्या घटकांच्या यादीत लिहिलेले असते. ती बाटली मी बंदच ठेवली, याचा मला आजही अभिमान आहे. आणि एवढे सांभाळून आदल्या संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला, की उद्या संबंधित डॉक्टर रजेवर आहेत, तारीख पुढे गेली. गोळ्या आणखी एक आठवडा बंद ठेवायच्या का, या प्रश्नाचे उत्तर फोन करणाऱ्या मुलीकडे अर्थातच नव्हते.

या मुक्कामावर एक पर्याय मला नंतर कळला, तो आधी कळता तर बरे झाले असते. ज्यांना गोळ्या थांबवणे शक्य नाही, किंवा हातावर पुरळ असल्याने त्वचेची चाचणी करता येत नाही, त्यांच्यासाठी रक्तातील विशिष्ट आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडे, मोजता येतात, आणि त्या तपासणीसाठी अँटिहिस्टामिन बंद करावे लागत नाही. मात्र शेकडो पदार्थांची यादी देणारी महागडी पॅकेजे विकली जातात, त्यांच्या नादी लागू नये. खाद्यपदार्थांसाठी आयजीजी नावाची दुसरीच प्रतिपिंडे मोजून ॲलर्जी ठरवणाऱ्या चाचण्यांना तर वैद्यकीय आधारच नाही. आपल्या त्रासाशी जुळतील अशा मोजक्याच गोष्टी तज्ज्ञांकडून निवडून घ्याव्यात. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी ते प्रिक टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते, हेही त्या संमतिपत्राच्या मागच्याच बाजूला छापले होते.

शेवटी चाचणी झाली, आणि ती इतकी साधी निघाली की चीड दुप्पट झाली. परिचारिकेने माझ्या हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबातून प्लॅस्टिकच्या नव्या टोकाने हलकेच टोचले. रक्त आले नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा होता, तिथे काहीच उठायला नको. एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या द्रव्याचा होता, तिथे गांधी उठलीच पाहिजे, नाहीतर चाचणी बाद. हात न खाजवता पंधरा-वीस मिनिटे बसायचे. हिस्टामिनच्या ठिपक्याला अशी खाज सुटली, की मी दुसरा हात मांडीखाली दाबून ठेवला. मग पारदर्शक पट्टीने प्रत्येक गांधी मोजली गेली. मिठाच्या पाण्याच्या ठिपक्यापेक्षा तीन मिलिमीटर किंवा अधिक मोठी असेल, तर ती धरायची.

सर्वांत मोठी गांधी घरातल्या धुळीतील माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांची निघाली, एक लहानशी बुरशीची. ज्या गाजर गवतावर माझा संशय होता, त्याच्या जागी काहीच नव्हते. गंमत अशी, की हे किडे प्रामुख्याने गाद्या-उशांमध्ये, आपल्याच झडलेल्या त्वचेच्या कणांवर जगतात आणि पावसाळी दमटपणात वाढतात. ज्या बांधीव खंडांना मी इतकी वर्षे दोष देत होते, त्यांच्यापेक्षा माझी उशीच अधिक गुन्हेगार होती. सकाळी उठल्या उठल्या शिंका का येतात, याचा उलगडाही त्यातच झाला. आता चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुते, गादी-उशीला माइटरोधक आवरण घातले आहे. चाचणीत एखाद्या पदार्थाची गांधी उठली, पण प्रत्यक्षात त्याचा त्रास होत नसेल, तर त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

फवाऱ्याविषयी सांगायचे राहिलेच. मान किंचित खाली ठेवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा आणि फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे नव्हे, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरावे. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागू शकतात. नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपलीकडे घेऊ नयेत, नाहीतर ते सोडल्यावर नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. जलनेतीसाठी, म्हणजे नाक मिठाच्या पाण्याने धुण्यासाठी, पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे थेट नको. शिवाय ॲलर्जीने सुजलेल्या अस्तरामुळे सायनसची तोंडे बंद होऊन खरोखरचा संसर्गही होऊ शकतो, तेव्हा एकदा ॲलर्जी ठरली म्हणून वरचे तीन प्रसंग विसरायचे नाहीत. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, मान आखडून तीव्र डोकेदुखी, किंवा मधुमेह असताना चेहरा बधिर होणे, नाकात काळी खपली धरणे, यांपैकी काहीही आढळले तर चाचण्यांच्या तारखा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

मी त्या रुग्णालयाला लेखी अर्ज दिला, की वेळ दिल्याचा जो संदेश मोबाइलवर येतो, त्यातच गोळ्या बंद ठेवण्याची एक ओळ घालावी. पोच मिळाली. नुकतीच माझ्या भाचीने त्याच चाचणीसाठी तिथेच वेळ घेतली. तिला आलेल्या संदेशात पार्किंग कुठे करावे हे सविस्तर होते, गोळ्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या घरातल्या सगळ्या औषधांच्या पाकिटांची मागची बाजू मी तिला फोनवरून वाचून दाखवायला लावली, आणि दोन पाकिटे कपाटात वरच्या खणात ठेवायला सांगितली.