अमानी: गुडघे टेकून पाहायचं जंगल

टांझानियातल्या दार-एस-सलामहून मुहेझापर्यंत बस, आणि पुढे अमानीपर्यंत तीसेक किलोमीटरचा कच्चा घाट. आम्ही पाचोळ्यातले बारके कोळी शोधायला निघालो होतो. या प्रवासाबद्दल एकच सांगण्यासारखं आहे: नमुन्यांसाठीच्या अल्कोहोलच्या कुप्या मांडीवर घेऊन बसा. टपावर टाकलेल्या बॅगेत झाकणं सैल होतात, अल्कोहोल झिरपतं आणि वर पोचेपर्यंत सगळ्या कपड्यांना दवाखान्याचा वास लागतो. चहाचे मळे येतात, मागे पडतात. अमानीत जर्मनांनी १९०२ साली वसवलेली वनस्पती-बाग आहे. आफ्रिकन व्हायोलेट मूळचं याच डोंगरांतलं, बघायचं तर ओल्या खडकांवर बघा. आम्ही धड पाहिलं नाही, कारण नजर सतत खाली होती.

स्वाहिलीत कोळ्याला 'बुइबुइ' म्हणतात, आणि किनाऱ्यावरच्या बायकांच्या काळ्या बुरख्यालाही तोच शब्द. सकाळी चाय आणि चपाती मिळते. दोन्ही शब्द आपलेच असल्यामुळे खाण्याची चिंता मिटली.

केनियातल्या टायटा टेकड्यांपासून टांझानियातल्या उडझुंग्वापर्यंत डोंगरांची एक माळ आहे, अमानी जिथे आहे तो पूर्व उसंबारा त्यातलाच एक मणी. हिंद महासागराचं बाष्प हे डोंगर अडवतात, म्हणून वरचं जंगल लाखो वर्षं ओलं राहिलं आणि मधला सखल भाग कोरडा. पाचोळ्यातल्या बारक्या कोळ्यासाठी ही बेटंच. कोळ्यांचे अभ्यासक निकोलाय शार्फ यांनी १९९२ साली पूर्व आफ्रिकेतल्या लिनिफिइडी कुळातल्या कोळ्यांवर जे काम मांडलं, त्यात हेच दिसतं: कितीतरी प्रजाती एकेका डोंगरापुरत्याच. त्यामुळे इथे नवीन काही सापडणं ही बातमी नव्हे. ते नवीन आहे हे दाखवणं, तिथे घाम निघतो.

आमचा शोध सिम्फिटोग्नाथिडी कुळासाठी होता. हे कोळी जेमतेम मिलिमीटरभर, काही तर त्याच्या निम्मेच. १९९३ साली आयव्हरी कोस्टमधून नोंदलेली, याच कुळातल्या 'अॅनापिस्तुला सीक्युला'ची मादी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत बसते. एवढासा जीव जमिनीलगत, दोन कुजक्या पानांच्या मधल्या पोकळीत, आडवं गोल जाळं विणतो. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. उपाय स्वयंपाकघरातला: जुन्या मोज्यात कॉर्नफ्लोर भरायचं, गाठ मारायची आणि वितीभर उंचीवरून हलकेच टिचकी द्यायची. अंधारात हेडलॅम्प तिरका धरला की पांढरी चकती उमटते. आधी काही नाही, मग एकाएकी आरे, त्यांच्या मधले उपआरे, आणि मधोमध मोहरीपेक्षा लहान ठिपका. या दृश्यासाठी गुडघे ओले करून घेणं परवडतं. पीठ जास्त पडलं तर मात्र जाळं खाली बसतं आणि ठिपका पानाच्या देठामागे नाहीसा होतो. तुषार मारण्याची बाटली जाळ्याला कमी त्रास देते, पण पावसाळी जंगलात आधीच सगळं थेंबाथेंबाचं असतं, तिथे वेगळं काय दिसणार? ठिपका चिमट्यात पकडायचा नाही, चिरडतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बारीक ब्रशच्या टोकाला तो आपसूक चिकटतो.

हाताने जे सुटतं त्यासाठी विंकलर पिशवी. एक चौरस मीटर पाचोळा सेंटिमीटरभर भोकांच्या चाळणीतून झटकायचा. खाली उरलेला चुरा जाळीच्या पिशवीत, ती कापडी पिशवीत टांगलेली, तळाला अल्कोहोलचा पेला. वीज लागत नाही. चुरा सुकत जातो तसे प्राणी ओलाव्यासाठी हलू लागतात आणि पेल्यात पडतात. साधारण ४८ तास. मार्च ते मे या 'मसिका'च्या पावसात चुरा सुकतच नाही, आणि पेल्यात येतात फक्त चिकाटीच्या मुंग्या. एरवी उलट धोका: मऊ अंगाचे बारके कोळी खाली पोचण्याआधीच वाळून मरतात. पिशवीला येताजाता धक्का लागला की पेल्यात माती, आणि पुढची संध्याकाळ ती निवडण्यात. त्यात सापडतात बहुतेक पिल्लंच. पिल्लाचं जननांग तयार झालेलं नसतं, म्हणून प्रजाती ठरवायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि राहतो निळसर पाण्यातला बेवारस कोळी. ठिकाण, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत. नमुन्यांचे काही पाय डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, बाकी शरीर ७०-७५ टक्क्यांत. सगळंच कडक अल्कोहोलमध्ये ठेवलं तर सांधे ठिसूळ होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवताना पाय तुटून हातात येतो. संशोधनाचा परवाना आणि नमुने देशाबाहेर नेण्याचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत, हे निघण्याच्या आठवड्यात कळू नये.

खरा निकाल टेबलावर लागतो. मादीच्या पोटाखालचं जननांग, एपिगायन, धार लावलेल्या कीटक-सुईने सोडवायचं आणि लवंगतेलात ठेवायचं. टांगा शहराच्या किनाऱ्यासमोरच्या पेम्बा बेटावर लवंगेच्या बागा आहेत आणि आपल्याकडे हे तेल दाढदुखीला लागतं. इथे त्यात भिजलेलं ऊतक काचेसारखं पारदर्शक होतं, आतली शुक्राणू साठवायची पिशवी आणि तिच्या नळीची वेटोळी दिसू लागतात. वेटोळी किती, कोणत्या दिशेला, यावर सगळा खटला. घाईत सुई खोल गेली की नळी तुटते, आणि मग चित्रात काय काढायचं हा प्रश्न प्रामाणिकपणाचा होतो. कोळी एका कुशीवर स्थिर राहावा म्हणून हात स्वच्छ करायचं जेल वापरतात. त्यात हवेचे बुडबुडे नसले तर फोटो चांगला येतो, आणि ते असतातच.

पुढे संग्रहालयांतले जुने नमुने मागवून तुलना, एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्या आधारावर उभं राहतं तो नमुना, निवडणं, तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते लिहिणं, फरक शब्दांत मांडणं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी झाल्याशिवाय नाव ग्राह्य नाही. ठिकाणाच्या नावावरून नाव ठेवायचं तर जीनसच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाच्या, लॅटिन नावाचं लिंग बघावं लागतं: स्त्रीलिंगी असेल तर 'अमानिएन्सिस', नपुंसकलिंगी असेल तर 'अमानिएन्से'.

आमच्या चौदाव्या कुपीत या कुळाच्या तीन माद्या आहेत, तिन्ही एकाच झाडाच्या मुळांमधल्या. नर नाही. अॅनापिस्तुलाच्या काही प्रजातींचा नर आजवर कुणाला मिळालेलाच नाही, तेव्हा मसुद्यात त्या रकान्यात सध्या दोन शब्द आहेत: नर अज्ञात.