पृथ्वीची कक्षा आणि दोन टाचण्या

परवा पोरीचा शाळेचा चार्ट करत बसलो होतो, विषय सूर्यमाला. तिने पृथ्वीची कक्षा काढली ती चक्क अंड्यासारखी. म्हटलं असं का गं, तर म्हणे बाबा लंबवर्तुळ असतं ना, पुस्तकात असंच आहे. आता तिला काय बोलणार, मला स्वतःला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडतं (जवळ असते ती जानेवारीत, ऐन थंडीत!).

मग म्हटलं चल, खरीखुरी काढू. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या, भोवती दोऱ्याचा फास आणि त्यात पेन्सिल ताणून फिरवायची. 10 सेंमी त्रिज्या धरली तर दोन टाचण्यांत अंतर येतं जेमतेम 3.3 मिमी, डोकी एकमेकांवर आपटायला लागली. आणि निघालं काय, तर सरळ गोल. लांबी-रुंदीतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा, पेन्सिलची रेघच त्याहून कितीतरी जाड. पोरगी म्हणते, बाबा तुमचं चुकलं.

चुकलं नव्हतं, फक्त सूर्य मधोमध नाही, एका टाचणीवर आहे, म्हणजे मध्यापासून पावणेदोन मिमी बाजूला. त्यामुळे जानेवारीत अंतर 14.7 कोटी किमी आणि जुलैत 15.2 कोटी. मंगळाचं काढलं तेव्हा सूर्य 9 मिमी सरकला, तरी आकार डोळ्याला गोलच. केपलर या खगोलशास्त्रज्ञाला याच मंगळाच्या गोल कक्षेत आणि टायको ब्राहे या निरीक्षकाच्या नोंदींत 8 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक सापडला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण पाव रुंदीएवढा, दुसऱ्या कोणी सोडून दिला असता, पण हा गडी अडून बसला आणि 1609 ला लंबवर्तुळ छापून मोकळा झाला.

एवढ्यात आई आतून म्हणाली, यंदा अधिक महिना आहे का रे. आणि माझी ट्यूब पेटली, हेही त्याच पावणेदोन मिमीचं काम की! जवळ असताना पृथ्वी जोरात पळते, म्हणून सूर्य धनू राशीतून साडेएकोणतीस दिवसांच्या जरा आतच निघतो आणि मिथुनेत साडेएकतीस रेंगाळतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, आणि ज्या चांद्रमासात, म्हणजे दोन अमावस्यांमध्ये, एकही संक्रांत (सूर्याचं नव्या राशीत जाणं) येत नाही तो अधिक, मग असं होणं मिथुनेच्या बाजूलाच सोपं. 2023 ला श्रावण अधिक, 2026 ला ज्येष्ठ. पौष अधिक झाल्याचं आईनेही कधी ऐकलं नाही.

चार्टवर शेवटी कंपासनेच गोल मारला आणि सूर्य जरा बाजूला चिकटवला. बाई मार्क कापणार म्हणून पोरगी अजून फुगून बसलीय.