दोन्ही अंगांनी मार खाल्लेलं अवजार

साखर कारखान्यांचं गाळप आटोपलं की सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुरुस्तीची कामं येऊन पडतात. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या लोहारकामाच्या वर्कशॉपकडे ५० मिलिमीटरच्या चौकोनी बारांची टोकं ३८ मिलिमीटर गोल करायचं काम आलं. लेथवर उतरवलं असतं तर त्या टोकातलं निम्म्याहून जास्त पोलाद बुरा होऊन खाली पडलं असतं. मला हे पटत नाही. ठोकून काढलेल्या टोकात पोलादाचे तंतू सलग राहतात आणि ओढ बसणाऱ्या भागाला तेच हवं असतं.

नेमक्या त्याच आठवड्यात अण्णांनी भंगारातून जुन्या सांडशांचा ढीग उचलून आणला होता. त्यात एक जडशीळ वस्तू निघाली. पोलादाचे दोन ठोकळे, प्रत्येकात अर्धगोल खाच, आणि दोन्ही एका वाकवलेल्या सळईने चिमट्यासारखे जोडलेले.

"पाईपचं क्लँप असंल," एक पोरगा म्हणाला. दुसऱ्याने बेअरिंग ओतायचा साचा ठरवला. तिसरा म्हणाला, "गिरणीतलं हाय." आपल्या सोलापुरात हे उत्तर नेहमी येतं, आणि त्यात चूक काही नाही. १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी उभी राहिली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. त्या बंद पडल्यावर त्यांचं लोखंड गावभर पांगलं. पण कुठून आलं ते कळलं, तरी कशासाठी ते कळत नाही.

मी ते उलटंपालटं करून झीज बघितली. ठोकळ्यांच्या बाहेरच्या दोन्ही पाठी ठोकून पसरलेल्या होत्या. वरच्या पाठीच्या कडा तर बाहेर वळून लोंबत होत्या. क्लँपच्या पाठीवर कोण घण घालतो? साच्यावरही नाही. म्हणजे हे वरून मार खात होतं आणि खाली ऐरणीवर टेकत होतं. खाचेचे काठ मात्र मुद्दाम गोल मारलेले. काठ धारदार असता तर गरम धातू चिमटून बाहेर पाकळी आली असती, आणि बार फिरवून पुढचा ठोका घातला की ती पाकळी आत दुमडून घडी पडली असती.

"अण्णा, ही गोल स्वेज आहे. हॅमरखालची." स्वेज म्हणजे खाचांमध्ये गरम बार धरून, वरून ठोकून त्याला आकार द्यायचं अवजार; हॅमर म्हणजे आमचा यंत्राचा घण.

अण्णांनी खाचेतून अंगठा फिरवला. "वडलांकडं दोन सुटे तुकडे होते बगा, हातघणाचे. ही जोडलेली पयल्यांदाच बघतोय."

लगेच हॅमरखाली घालण्याची घाई पोरांना झाली होती, मी घालू दिली नाही. रॉकेलमध्ये बुडवून कोरडी पुसली आणि खडूची भुकटी चोळली. ठोकळे साफ निघाले, पण सळईच्या वळणावर रॉकेलची बारीक रेघ उमटली: तडा. ती सळई कापून टाकली. वळलेल्या कडाही ग्राइंडरने काढल्या, कारण तसलीच कड ठोक्याने तुटून डोळ्यात जाते. नवी सळई वळणापाशी अण्णांनी पट्टीसारखी चपटी ठोकली, म्हणजे तिथे स्प्रिंग राहते. ठोकळे आधी तापवून मगच वेल्डिंग केलं.

हॅमर दीडशे किलोचा. त्याच्या वरखालच्या ठोकायच्या तोंडांच्या, म्हणजे डायच्या, पाचरी ठोकून पाहिल्या. पोराला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: सळईचा दांडा कमरेच्या बाजूला धर, पोटासमोर कधीच नाही. स्वेज तिरकी बसली तर दांडा सरळ मागे येतो.

बार पिवळा तापला. सपाट डायवर आधी चौकोन बारीक केला, मग कोपरे मारून अष्टकोन, आणि त्यानंतर स्वेज. पेडलवर पाय हलका, ठोके भराभर, प्रत्येक ठोक्याला बार थोडा फिरवायचा. तापलेल्या पोलादावरून सुटणारा पापुद्रा खाचेत साचला की तोच कामात ठोकला जातो, म्हणून तो मधूनमधून उडवत होतो. लाली उतरली की थांबून परत भट्टीत.

टोक गार झाल्यावर कॅलिपर लावला: ३८. स्वेज मिटवून खाचेच्या तळापासून तळापर्यंत मोजलं होतं तेव्हा ३८.५ आलं होतं. गरम पोलाद गार होताना एवढंच आकसतं. झिजेने थोडं वाढलं असेल, तरी करणाऱ्याने आकसण्याचा हिशोब आधीच धरला होता असं मला वाटतं. त्या कारागिराला मी मनापासून मानलं.

उरलेले बार त्याच स्वेजखाली निघाले. संध्याकाळी अण्णांनी नव्या दांड्यावर छिन्नीने ३८ कोरलं, म्हणजे पुढच्याला शोधत बसायला नको.