कडीचा चाकू

श्रावणातल्या एका दुपारी जेवण आटोपून वर्तमानपत्र उघडले आणि चष्म्याची डावी काडी हातात आली. स्क्रू पडलेला नव्हता, फक्त ढिला झाला होता. त्याला दोन फेरे दिले की भागणार होते, पण ते दोन फेरे देण्याजोगे घरात काही सापडेना. नखाने पाहिले, विळीच्या टोकाने पाहिले, शेवटी जोतिबाच्या यात्रेत घेतलेल्या नेलकटरची कानस उपयोगी पडली. त्या नेलकटरला बोटभर पाते आणि बाटलीचे टोपण उघडायचा आकडाही आहे, आणि तो कित्येक वर्षे ड्रॉवरमध्ये पडून आहे, हे तेव्हा लक्षात आले. खरे तर विषय तिथेच मिटायचा. पण मी नेलकटर पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्या संध्याकाळपासून रोज खिशात ठेवता येईल आणि वर्षातून दोनदा डोंगरातही नेता येईल असा एखादा बहुकामी चाकू शोधू लागलो. आता दसरा तोंडावर आला आहे आणि मी अजून शोधतोच आहे. (बहुकामी हा शब्द लिहिण्यापुरता; आमच्या घरात त्याला स्विस चाकूच म्हणतात, मग तो कोणत्याही देशाचा असो.)

"तुम्हाला त्यातलं लागणार काय काय?" असे बायकोने विचारले, आणि हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. पार्सलची चिकटपट्टी कापायची, दुधाच्या पिशवीचा कोपरा उडवायचा, पेरू चिरायचा, चष्म्याचा स्क्रू आवळायचा. माझ्या आयुष्यातील हत्यारांची गरज एवढ्यावर संपते. गूळ चिरायला विळीच लागते, तिथे स्वित्झर्लंडचे काही चालत नाही. तरीही चाकू पाहत असताना मी स्वतःला दाजीपूरच्या जंगलात, पावसात, मोडून पडलेल्या फांदीपुढे उभा असलेला पाहतो आणि करवत असलेलाच घ्यावा असे ठरवतो. दाजीपूरला मी आजवर तीन वेळा गेलो आहे आणि तिन्ही वेळा फांदी कापण्याचा प्रसंग आलेला नाही.

खिशात हत्यारांचा संसार बाळगण्याची हौस आपल्याला परकी नाही. माझ्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता असे आणि चंचीच्या दोरीला एक लहानशी पितळी कडी असे. त्या कडीत कानकोरणे, दातकोरणे आणि काटा काढायचा चिमटा असे तिघे एकत्र अडकवलेले असत. जेवणानंतर ओसरीवर बसून ते ही कडी काढत आणि एकेका हत्याराला त्याचे काम देत, आणि हा कार्यक्रम इतका सावकाश चाले की त्यात आम्हा मुलांच्या पायातील बाभळीचे काटेही निघून जात. लाल मुठीच्या त्या प्रसिद्ध चाकूच्या एका टोकाला चिमटा आणि दातकोरणे खोचलेले पाहिले तेव्हा मला प्रथम आजोबांची चंचीच आठवली. कानकोरणे तेवढे त्यांनी का सोडून दिले, हे कोडेच आहे.

तो चाकू मुळात शिपायांसाठी निघाला. कार्ल एल्सनर या कारागिराने 1891 साली स्विस लष्कराला चाकू पुरवायला सुरुवात केली, तेव्हा त्यात पाते, टोच्या, डबा उघडायचा आकडा आणि स्क्रू ड्रायव्हर एवढेच होते. शिपायाला डबाबंद अन्न खावे लागे आणि हातातील नवी रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे. पुढे 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका, सुबक चाकू निघाला आणि त्यात बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री आकडा आला. शिपायाला डबा आणि साहेबाला बाटली, ही वाटणी मला फार ओळखीची वाटते. आई वारल्यावर एल्सनरने तिचे व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाला दिले आणि 1921 मध्ये न गंजणारे पोलाद वापरात आल्यावर त्याला 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स केले. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'मातृकृपा' लिहितात त्यातलाच हा प्रकार, फक्त त्यांनी कृपेच्या जोडीला पोलादाची जातही लिहून ठेवली.

माझे घोडे अडले आहे ते व्हिक्टोरिनॉक्सच्या फार्मर आणि हंट्समन या दोन नमुन्यांमध्ये. फार्मरची मूठ खरबरीत ॲल्युमिनियमची. आत एक दणकट पाते, करवत, टोच्या आणि दोन ओपनर, बाकी मिजास नाही. नाव शेतकऱ्याचे असल्यावर कोल्हापूरच्या माणसाचा ओढा तिकडे जाणारच. पण त्या मुठीत चिमटा बसवलेला नसतो, आणि करवंदीच्या जाळीत हात घालण्याची सवय असलेल्या माणसाने चिमट्याशिवाय डोंगरात कसे जावे? हंट्समनच्या लाल मुठीत चिमटा आहे, करवत आहे, कात्रीही आहे. या कात्रीला स्प्रिंग असल्यामुळे ती दाबून सोडली की आपोआप उघडते आणि हात लागला की वाजवण्याचा मोह होतो; कात्री उगीच वाजवली की घरात भांडण होते, या आईच्या शिकवणीचा विचार करता ही वस्तू खिशात असणे कितपत बरे, याचाही विचार करावा लागतो. मग राहिला बुचाचा आकडा. आमच्या घरी बुचाची बाटली आजवर आलेली नाही, म्हणून मी हंट्समनला जवळजवळ बाद केले होते. पण त्या आकड्याच्या वेटोळ्यात चष्म्याचा एक इवलासा स्क्रू ड्रायव्हर फिरवून बसवता येतो असे कळले आणि सगळा निकाल फिरला. ज्या चष्म्यापायी हे सारे सुरू झाले तो चष्मा शेवटी साहेबाच्या बाटलीला शरण गेला. अर्थात दुसऱ्या दिवशी मला पुन्हा फार्मर आवडू लागला.

मध्यंतरी फ्रान्सच्या ओपिनेलचाही मोह पडला होता. लाकडी मूठ, एकच पाते, दिसायला देखणा आणि 1890 पासून चालत आलेला. पण ती मूठ पावसाने फुगते आणि पाते आत अडकून बसते. गगनबावड्याच्या पावसात घराची दारेसुद्धा फुगून बसतात. तिथे खिशातले दार उघडत बसणार कोण? अमेरिकेच्या टिम लेदरमनने पक्कड मध्यभागी ठेवून केलेले हत्यार मात्र खरोखर कामाचे आहे. 1975 मध्ये तो स्वस्तातली जुनी मोटार घेऊन युरोपभर फिरला, मोटार आणि हॉटेलांचे नळ दोन्ही वाटेत छळत राहिले, आणि साध्या चाकूला पक्कड जोडता आली तर, या विचाराने त्याला पुढची कित्येक वर्षे झोपू दिले नाही. 1983 मध्ये कुठे माल बाजारात आला. डोंगरात चहाचे पातेले चुलीवरून उतरवायला ही पक्कड उत्तम सांडशी होईल. परंतु त्याचे मोठे नमुने पाव किलोच्या घरात जातात, आणि सुती पायजम्याच्या खिशाने तेवढे वजन का सोसावे?

डोंगरात राहायला जाणे आम्हाला नवे नाही, फक्त आम्ही त्याला रस्सा मंडळ म्हणतो. आमचे आण्णा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होते. मी पाचवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या खात्यातली मंडळी पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका ओढ्याकाठी जमली होती. तीन दगडांची चूल, त्यावर मटणाचे पातेले, आणि चटणी किती घालायची यावरून चाललेला वाद. आण्णांपाशी त्यांनी स्वतः केलेला चाकू होता. कारखान्यातील यांत्रिक करवतीचे तुटलेले पाते ग्राइंडरवर घासून त्यांनी त्याला धार काढली होती आणि मुठीला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले होते. हे पोलाद ग्राइंडरवर तापले तरी त्याचा कडकपणा जात नाही. स्विस चाकूंचे पाते त्या मानाने मुद्दाम मऊ ठेवलेले असते, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापाने सुमारे 56, म्हणजे कुणालाही घरच्या घरी धार लावता यावी. आण्णांचा चाकू गंजायचा, कैरी कापली की काळा पडायचा, दगडावर आपटला तर काचेसारखा तुटला असता. पण एकदा धार लावली की वर्षभर पाहावे लागत नसे.

लसूण सोलायला म्हणून तो चाकू त्या दिवशी माझ्या हाती आला, आणि लसूण सोडून मी बेचकीसाठी पेरूची फांदी तोडायला ओढ्यापलीकडे गेलो. परत येताना पाय घसरला. मी पडलो नाही, चाकू पडला. पाणी गुडघाभरही नव्हते, तळ स्वच्छ दिसत होता, आणि तरीही तांबड्या रश्श्याच्या पंगतीची हाक येईपर्यंत तो सापडला नाही. मी हात धुतले, पंगतीत बसलो आणि कुणालाही काही बोललो नाही. भांडी आवरताना आण्णांनी पिशवी दोनदा चाचपली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पिशवीचे तोंड बांधून टाकले. पुढच्या आठवड्यात दुसरा चाकू तयार होता. करवतीच्या पात्याला टोकाशी मुळातच एक भोक असते. पहिल्या चाकूत ते रबराखाली झाकले गेले होते, दुसऱ्यात मात्र ते उघडे राहिले होते आणि त्यातून सुतळी ओवलेली होती. खंडेनवमीला पाटावर मायक्रोमीटर, पाने आणि पक्कड यांच्या शेजारी तो सुतळीसकट मांडला जाई आणि त्यालाही झेंडूचे एक फूल मिळे.

रोज खिशात ठेवण्याच्या गोष्टीलाही गावात अडचणी आहेतच. अंबाबाईच्या देवळात जाताना तपासणीच्या चौकटीतून जावे लागते. तिथे हा चाकू चपलांबरोबर ठेवायचा की दर्शनाचा नाद सोडायचा? विमानात तर तो हातातल्या पिशवीत नेताच येत नाही. उंबऱ्याबाहेर पडताना खिसे चाचपायच्या वस्तूंमध्ये किल्ली, मोबाइल, रुमाल आणि चष्म्याचे घर आधीच आहे, त्यात ही आणखी एक भर.

काल अखेर मी दोन्ही चाकूंची छायाचित्रे मोबाइलवर मोठी करून आण्णांना दाखवली. त्यांनी आधी हंट्समन निरखला. "एवढं सगळं एकात घातलंय, म्हंजे एक मोडलं की सगळंच दुरुस्तीला," असे ते म्हणाले. मग फार्मर पाहिला, करवतीचे दात मोठे करून पाहिले, पात्याची जाडी विचारली, किंमत मात्र विचारली नाही. मी चिमट्याची अडचण सांगितली, बुचाच्या आकड्याचा नवा उपयोग सांगितला, पोलादाचा आकडाही सांगितला. त्यांनी बोटाने छायाचित्र सरकवत मुठीच्या टोकाशी आणले आणि तिथे थांबले.

"कडी हाय न्हवं?" त्यांनी विचारले.

"दोन्हीला आहे."

"मग कुठला बी घे. दोरी बांध म्हंजे झालं," असे म्हणून त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि वर्तमानपत्र उघडले.